दुसऱ्याचा हात लागू न देता नाट्यापर्यंत

परवा शेजारच्या बाईंनी जिन्यात गाठलंच. "कोकणात जाऊन आलात म्हणे! आंबे आणले का?" फेब्रुवारीत! झाडं अजून मोहोरात आणि यांच्या डोळ्यांपुढं आमरसाची वाटी. मी म्हटलं, धूळ आणलीय, लाल, हवी तर पिशवीभर देते. बाई हसल्या, मी हसले नाही. तेव्हापासून जो तो विचारतो म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

आमचे हे चौतीस वर्षं साखर कारखान्यात फिटर होते. आता एकसष्ट चालू आहे. दीड वर्षापूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप, मग सही, मग शर्टाची बटणं. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. म्हणाले, गोळ्यांनी सुसह्य होईल, पण वाढतच जाणार. सायकल चालवली तर चालेल का, एवढंच यांनी विचारलं. तोल आहे तोवर चालवा, उलट चांगलंच आहे, असं उत्तर मिळालं.

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी गियरच्या सायकली घेतल्या होत्या. मी पन्नाशी उलटल्यावर सायकल शिकले, त्यावरून गावात काय काय बोलणी झाली ते सोडा. तर डॉक्टरांकडून आलो आणि हे पायरीवर बसून म्हणाले, "सुमे, नाट्याला जाऊ. सुभाषकडं. सायकलवर. पण माझ्या सायकलीला वाटेत दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. जे काय बिघडंल ते मी करणार. लागला दुसऱ्याचा हात, तर त्या दिवशी सायकल सोडली."

सुभाष म्हणजे यांचा आयटीआयमधला जोडीदार. तो बोटीवर इंजिन फिटर होऊन जग फिरला आणि आता रत्नागिरीच्या खालच्या अंगाला नाटे गावात, तिथल्या जेटीवर मच्छीमारांच्या लाँचींची इंजिनं दुरुस्त करतो. मी म्हटलं, असले पण कशाला करता? जाऊ की सुखानं. पण मला माहीत होतं, हे सायकलीबद्दल बोलतच नव्हते.

आंबा

कोल्हापूरजवळच्या आमच्या गावातून निघून पहिल्या दिवशी घाटाच्या तोंडाशी असलेलं आंबा गाव गाठलं. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ऊस आणि ट्रॅक्टर. सांगायचं ते आदल्या आठवड्यातलं.

यांनी सायकलीची तयारी स्वतः केली. रत्नागिरीच्या रस्त्याचं रुंदीकरण चालू आहे, धूळ फार, असं कुणीतरी सांगितलेलं. म्हणून यांनी कारखान्यातून आणलेला ग्रीसचा जुना डबा काढला आणि गियरची जेवढी म्हणून हलणारी जागा आहे तिथं तिथं ग्रीस ठासलं. हँडलला गियर बदलायचा खटका असतो, त्याच्या डबीत दाबून दाबून भरलं. मागं चेन ढकलणारं यंत्र, त्याच्या दोन चाकल्या, तार, सगळं माखून काढलं. मी ब्लाऊज शिवते. माझ्या मशीनला एक थेंब तेल घालतात आणि बाहेरचं पुसून घेतात, एवढं मला कळतं. मी म्हटलं, अहो, जास्त होतंय.

"तुझी मशीन घरात असते गं. ग्रीस कमी पडलं म्हणून कारखाना बंद पडलेला मी पाहिलाय. जास्त झालं म्हणून बंद पडलेला चौतीस वर्षांत नाही पाहिला. भरलेल्या जागेत धूळ शिरंल कशी?"

खरं सांगू? त्या हाताला डब्यातून ग्रीस काढून बोटानं भरणं जमत होतं. बारीक कामात जसा थरथरतो तसा त्यात थरथरत नव्हता. किती दिवसांनी हे शीळ घालत होते. कोण बोलणार मध्ये?

आंब्याला पहाटे दाट धुकं आणि बोचरी थंडी. हॉटेलवाल्यानं तांबड्या मिरचीच्या ठेच्याबरोबर गरम भाकरी दिली, ती आमच्याकडची शेवटची भाकरी. निघालो आणि पहिल्याच चढाला यांचा खटका धरेना. म्हणजे असं: खटका दाबला की आत एक बारीक आकडा दातात अडकतो, फिटर लोक त्याला कुत्रं म्हणतात. ते अडकलं की तार ताणून राहते आणि चेन मोठ्या चक्रावर चढते, पायडल हलकं होतं. यांचं कुत्रं थंडीनं घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये रुतून बसलं होतं. खटका नुसताच लुळा हलायचा आणि चेन सगळ्यात लहान चक्रावर, म्हणजे सगळ्यात जड गियरला.

"थंडीनं झालंय. खाली उतरलं की सुटंल," हे म्हणाले.

घाट उतरताना गियर लागत नाही, त्यामुळं तासभर आम्ही दोघंही त्यांचं म्हणणं खरं मानून चाललो. दरीत धुकं कापसासारखं पडलेलं, वर लख्ख ऊन. प्रत्येक वळणावर हे थांबायचे, हात झटकायचे आणि मला म्हणायचे, "बघ काय दिसतंय!" मी दरी बघायची सोडून तो हात बघत होते.

पाली

खाली उतरलो आणि रस्त्याच्या कामाची धूळ सुरू झाली. आमच्याकडची धूळ काळी, अंगावरून झटकली की जाते. ही जांभ्या दगडाची, विटकरी, पिठासारखी बारीक, डंपर गेला की घटकाभर खाली बसतच नाही. साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा माझ्या पांढऱ्या ओढणीचा रंग विचारू नका. यांच्या सायकलीचं मागचं यंत्र तर पिठात घोळवलेल्या ओल्या भज्यासारखं दिसत होतं. ग्रीस बाहेरून जिथं जिथं लागलं होतं तिथं तिथं लाल थर. चेन करकर वाजायला लागली.

आणि कोकणातला रस्ता म्हणजे नुसता चढ नि उतार. आमच्या बाजूला सपाटीवर माणूस एक गियर लावून दिवस काढतो. इथं प्रत्येक वाडी एका खाचेत आणि पुढची वाडी पुढच्या खाचेत. जड गियर घेऊन हे चढाला दोन-चार पायडल मारायचे आणि उतरायचे. मग सायकल हातात धरून चालायचे. मीही उतरायची. "तू बस की सायकलवर, तुझा चालतोय गियर," असं चिडून म्हणायचे. मग मी बसायची आणि वर जाऊन वाट बघायची. वर थांबून बघत राहणं फार वाईट. खालून वाकलेला माणूस येतोय, डंपरच्या धुळीत गडप होतोय, पुन्हा दिसतोय. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता परत फिरावं.

पालीच्या बाजारात पंक्चरच्या दुकानासमोर हे धाप लागून टेकले. दुकानदाराचं नाव मोहन, पन्नाशीचा, कमरेला टॉवेल. त्यानं आधी तांब्याभर पाणी दिलं, आमच्याकडं आधी काय काम ते विचारतात. मग सायकलीकडं वाकून बघितलं.

"काय झाला? गियर पडत नाय?"

"पडंल," हे म्हणाले.

"अवो, पडंल कसा? ह्यात ग्रीस नाय, ग्रीसचा डोंगर हाय. कोणी घातलान ह्यो?"

यांनी तांब्या पुन्हा तोंडाला लावला.

"आत पातळ हात फिरवायचा नि भायेर सुका ठेवायचा. तुमी भायेर लावलात, म्हणजे धुळीला आवतण दिलात. नि खटक्यात तर ग्रीस भरूचाच नाय, कुत्रा चिकटता. दहा मिनटांचा काम. सगळा धुवून देतंय." असं म्हणत त्यानं हँडलकडं हात नेला.

यांनी सायकल खसकन मागं ओढली. इतक्या जोरात, की स्टँडवरची माझी सायकल त्यांचा धक्का लागून आडवी झाली. मोहनचा हात तसाच हवेत राहिला.

"हात नको लावू!"

दुकानातले दोघं-तिघं बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "भाऊ, राग मानू नका," मी म्हटलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग यांच्या हाताकडं बघितला. तो हात तेव्हा खूपच हलत होता. "नाय वो वैनी, राग कसला," म्हणाला आणि आत जाऊन ट्यूब फुगवायला लागला. पाण्याच्या तांब्यासाठी आभारही मानायचे राहिले.

त्या संध्याकाळी लॉजच्या व्हरांड्यात हे पेपर पसरून बसले. तार सैल करून पुन्हा ताणायची, एवढंच करायचं होतं. नट हातातून पडला. मी शोधून दिला. पुन्हा पडला, फरशीच्या फटीशी गेला, मी पुन्हा शोधून दिला. तिसऱ्यांदा मी वाकले तसे ओरडले, "बघत बसू नकोस! जा आत!" मी आत गेले. आतून नट पडल्याचा आवाज येत होता. किती वेळा ते मोजलं नाही. चौतीस वर्षं ज्या माणसाला रात्रपाळीला घरातून उठवून न्यायचे, कारण त्याच्यावाचून मिल सुरू होत नसे, त्याचा हा आवाज. मी उशीत तोंड घालून रडले आणि जेवायला बाहेर आले तेव्हा तोंड धुऊन आले.

पावसच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी रत्नागिरी ओलांडून पावसच्या वाटेला लागलो. गियर तसाच. तार ताणून काही होणार नव्हतं, कारण दुखणं खटक्याच्या डबीत होतं. हे मला कळत होतं. त्यांनाही कळत असणारच, पण ती डबी उघडायची म्हणजे आतली तांदळाएवढी स्प्रिंग हाताळायची. ते नाव काढत नव्हते.

दुपारी वाटेवरच्या सुगंधावहिनी नावाच्या बाईंकडं उतरलो. त्यांचे यजमान बोटीवर, वर्षातून दोनदा घरी. त्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. घराभोवती आंब्याची कलमं, मोहोराचा वास इतका की डोकं जड व्हावं, आणि त्यात फवारणीचा वास मिसळलेला. जेवायला उकड्या तांदळाचा भात, कुळथाचं पिठलं, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं आणि सोलकढी. आमच्याकडं रश्शाचा तवंग बघून चव ठरते, इथं सगळं नारळाखाली झाकलेलं असतं. पहिल्या घासाला पुचकट वाटलं. तिसऱ्या घासाला मी आणखी मागून घेतलं. हे मात्र चमच्यानं जेवले. वहिनींनी काही न विचारता ताटात चमचा ठेवला होता, आणि तो ठेवला म्हणून मला त्यांचा राग आला. काय मूर्खपणा! चांगुलपणाचासुद्धा राग यायची पाळी येते माणसावर.

जेवणानंतर गोळी घेतली की हे दोन तास गाढ झोपतात. मी मागच्या अंगणात सायकलीपाशी बसले. बसले आणि उठवेना. मनात आलं, दहा मिनिटांचं काम. तो मोहन म्हणाला होता, दहा मिनिटं.

"वहिनी, रॉकेल आहे का थोडं?"

"रॉकेल आता कुठला गो? पेट्रोल देऊ? स्कूटरीतला?"

त्यांनी नारळाच्या करवंटीत पेट्रोल काढून दिलं. माझ्या पिशवीत मशीनचा बारीक स्क्रूड्रायव्हर आणि तेलाची बाटली कायम असते. झाकण उघडलं. आत ग्रीस असं गच्च, की काय कुठं आहे तेच दिसेना. केसातल्या पिनेनं कोरून कोरून काढलं, चिंधीचा बोळा पेट्रोलात बुडवून धुतलं. मग कुत्रं मोकळं झालं आणि टिक्कन दातात पडलं. तो आवाज ऐकून मला पाप केल्यासारखं वाटलं, आणि आनंदही झाला. स्प्रिंग निसटली होती, ती सुईच्या टोकानं जागेवर बसवली. ब्लाऊजचे हूक लावण्यात आयुष्य गेलंय, मला काय ते अवघड? जिथं घासतं तिथं तेवढं बोटाच्या टोकानं ग्रीस फिरवलं. मागचं यंत्र आणि चेन धुऊन, तेल देऊन, बाहेरून कोरडं ठणठणीत पुसलं. झाकण बसवलं आणि धूळ शिरू नये म्हणून स्क्रू घट्ट, चांगला घट्ट कसला. मग बाहेर दिसेल एवढं थोडं ग्रीस पुन्हा फासून ठेवलं, त्यांना शंका येऊ नये म्हणून.

सुगंधावहिनी पायरीवर बसून बघत होत्या. "त्यांना सांगणार नाय?"

"नाही. आणि तुम्हीही सांगू नका."

"माझा काय जाता. पण पुरुष माणसाला अशा गोष्टी कळतात हो," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, यांना नाही कळणार.

नाटे

सकाळी मी उठले तेव्हा हे आधीच उठून बाहेर होते. चहा घेऊन निघालो. पहिला चढ आला आणि यांनी खटका दाबला. टिक. चेन वर सरकली. पुन्हा टिक. ओरडले, "सुमे! लागला बघ! तार बरोबर ताणली होती मी! ग्रीस बसायला वेळ लागतो, मी म्हणत नव्हतो?"

"तुम्ही म्हणत होता," मी म्हटलं.

तो दिवस मी विसरणार नाही. पूर्णगडचा पूल, खाली खाडी, भरतीच्या पाण्यावर दोन होड्या. मग वर सड्यावर आलो, मैलभर काळा कातळ, गवत वाळून पिवळं पडलेलं आणि डाव्या हाताला कुठं एखादी चिऱ्याची खाण. उजवीकडं मध्येच समुद्र दिसायचा आणि जायचा. हे पुढं. चढाला मला मागं टाकून वर थांबायचे आणि चिडवायचे, "काय सुमनबाई, आणू का दोरी बांधून?" आडिवऱ्याला दोन ग्लास कोकम सरबत प्यायले, दुकानदाराला सांगितलं की कोल्हापूरहून आलोय, सायकल माझी मी ठेवतो, कुणाला हात लावू देत नाही. दुकानदार वा वा म्हणाला. मी मान हलवली. मला वाटत होतं, खोटं तर खोटं, पण हा माणूस मला दीड वर्षानं परत मिळाला. आणखी किती वेळा असं गुपचूप करावं लागेल त्याचा हिशेबही मी मनात मांडत होते आणि मला जमेल असं वाटत होतं.

दुपार कलताना नाट्याला उतरलो. जेटीवर लाँची लागलेल्या, बायका टोपल्यांपाशी भावावरून भांडत होत्या, वास म्हणजे डोळ्यांत पाणी. सुभाषभावजी एका इंजिनावरून उठून तसेच काळ्या हातांनी धावत आले. "मेल्या विष्णू! खरोखर आलास!" यांना मिठी मारली. मग सायकलीभोवती फिरले, फिटरच तो, राहवतंय होय? "बघू तुझा गियर कसा काय चालता तो," म्हणत त्यांनी हँडलकडं हात केला.

आता हे ओरडणार, मित्रासमोर. मी पुढं झाले, "भावजी, हात नका..."

"बघ की," हे म्हणाले. "लाव हात."

सुभाषभावजींनी खटका दाबला, चाक फिरवलं, पुन्हा दाबला. "झकास ठेवलास! तुझा हात तो तुझा हात." हे हसले. लाँचीवरून कुणीतरी हाक मारली तसे भावजी तिकडं गेले आणि आम्ही दोघंच राहिलो. मी यांच्याकडं बघितलं. ते समुद्राकडं बघत होते.

"लावू दिला तुम्ही," मी म्हटलं.

"आधीच लागला होता की."

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"पालीचा माणूस खरं बोलत होता," हे म्हणाले. "मला तिथंच कळलं होतं. दोन दिवस लाज वाटली. मग काल झोपताना ठरवलं, उद्या उजाडायच्या आत उठायचं आणि ती डबी उघडून सगळं ग्रीस काढायचं. कितीही वेळ लागू दे. स्प्रिंग पडली तर पडू दे, शोधीन. आज पहाटे गेलो. झाकणाच्या स्क्रूला हात घातला. मी लावलेला स्क्रू आता अंगठ्यानंसुद्धा सुटतो, सुमे. हा स्क्रूड्रायव्हरनंही हलला नाही. दोन्ही हातांनी केलं, तरी नाही."

"मग बोलला का नाहीत? दिवसभर..."

"तू इतकी खूश होतीस."

जेटीवर बर्फ फोडत होते. माझे हुंदके कुणाला ऐकू गेले नसावेत. मी म्हटलं, चुकलं माझं, मी उघडून देते, सैल करून देते, तुम्ही करा, आत्ता करा. वेड्यासारखी पिशवीत स्क्रूड्रायव्हर शोधायला लागले. यांनी माझा हात धरला. त्यांच्या हातामुळं माझाही हात हलायला लागला.

"नको. तू काही चुकली नाहीस," हे म्हणाले. "स्क्रू तेवढाच घट्ट असायला पाहिजे."

दोन दिवस राहून आम्ही एस.टी.नं परत आलो. सायकली दोन्ही सुभाषभावजींच्या पडवीत आहेत. माझी मी का आणली नाही, ते मला विचारू नका. भावजींचा आठवड्याला फोन येतो, टेम्पो बघून पाठवू का म्हणून. हे फोन उचलतात, ऐकून घेतात आणि माझ्या हातात देतात.